अंधारातली गोष्ट आणि बेडकाची कातडी

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठोपाठ दोन मेसेज आले. पहिल्यात म्हटलं होतं की, कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या दुधात चंद्रकिरणांमुळे मेलाटोनिन, म्हणजे झोपेशी जोडलेलं संप्रेरक (हार्मोन), तयार होतं, म्हणून ते प्यायलं की मुलं शांत झोपतात. दुसऱ्यात एक लिंक होती: लहान मुलांसाठी मेलाटोनिनच्या गमीज, म्हणजे चघळायच्या मऊ गोळ्या, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या. खाली चौघींनी लगेच किंमत विचारली. नवरात्रापासून सगळ्यांचं रडगाणं एकच आहे, मुलं अकरा-साडेअकराशिवाय डोळे मिटत नाहीत.

माझी लेकही त्यातलीच, सव्वाचार वर्षांची. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. कोजागिरीला गच्चीवर मसाला दुधाचं पातेलं ठेवलं होतं, कोलशेतच्या खाडीच्या बाजूनं चंद्र चांगला वर आला होता आणि गच्चीच्या दोन्ही टोकांना हॅलोजन लावले होते. साडेदहाला खाली आलो, कपडे बदलायला घरातले सगळे दिवे लावले आणि पोरगी पलंगावर उड्या मारायला लागली. शेवटी सासूबाई आल्या. त्या मूळच्या मुरबाडकडच्या. म्हणाल्या, "अगं, आधी सगळे दिवे घालव. उजेडात कुठे झोप येते पोराला?" मग त्यांनी अंधारात चिमणी-कावळ्याची गोष्ट सुरू केली. तीच एक गोष्ट तीनदा झाली, पाऊण तास गेला, तेव्हा कुठे लेक झोपली.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तो पाऊण तास मला फार ओळखीचा वाटला. तो कुठून येतो हे सांगायलाच हा लेख लिहायला घेतला.

आधी दुधाचं पाहू. चांदणं म्हणजे सूर्याचाच उजेड. चंद्र आपल्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के परत पाठवतो आणि तो सगळीकडे पांगतो. उजेड लक्स या एककात मोजतात. पौर्णिमेच्या चांदण्याचा प्रकाश जास्तीत जास्त ०.३ लक्स भरतो. पणती एक मीटरवर ठेवली तर साधारण १ लक्स, ट्यूबलाइट लावलेल्या आपल्या हॉलमध्ये दीडशे-दोनशे लक्स, भर दुपारच्या उन्हात १ लाख लक्स. चांदण्याने पातेल्यातल्या दुधात कसलंही संप्रेरक तयार होत नाही. दुधात मेलाटोनिन असतं हे मात्र खरं. आईच्या रात्रीच्या दुधात ते दिवसापेक्षा जास्त असतं, आणि बाळाची स्वतःची दिवस-रात्रीची लय साधारण तीन महिन्यांची होईपर्यंत बसलेली नसते, म्हणून ही गोष्ट फार सुंदर आहे. पण ते मेलाटोनिन आईच्या शरीरात तयार होतं, वाटीत नाही.

आता मेलाटोनिनकडे येऊ. याची कहाणी बेडकाच्या कातडीत सुरू होते आणि पुन्हा बेडकाच्याच कातडीत येऊन पोचते.

१९१७ साली दोन अमेरिकी संशोधकांनी गुरांच्या मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिलांना दिला. काळसर पिलं बघता बघता फिकट झाली, इतकी की आतली इंद्रियं दिसायला लागली. त्या अर्कात काय आहे हे पुढची चाळीस वर्षं कुणाला कळलं नाही. येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांना वाटलं, बेडकाची कातडी फिकट करणारा पदार्थ माणसाच्या त्वचेच्या रंगाच्या आजारांवर उपयोगी पडेल. त्यांनी कत्तलखान्यांतून गुरांच्या हजारो पिनिअल ग्रंथी गोळा केल्या, प्रत्येक टप्प्यावर बेडकाच्या कातडीवर चाचणी घेतली आणि १९५८ साली तो पदार्थ वेगळा काढला. तेच मेलाटोनिन. माणसाच्या त्वचेवर त्याचा काही उपयोग झाला नाही. पुढे कळलं की ते रात्रीचं संप्रेरक आहे. अंधार पडला की रक्तात वाढतं, उजेड झाला की उतरतं. शरीराला ते सांगतं की रात्र झाली.

मग प्रश्न आला, उजेड झाला हे पिनिअल ग्रंथीला कळतं कसं? ती तर मेंदूच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी, काळोखात बसलेली. (तिला 'तिसरा डोळा' म्हणतात आणि तो जागवून मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवू असं सांगत हजारो रुपये घेणारी शिबिरं भरतात. पालकांनी तिकडे फिरकूसुद्धा नये. माणसाच्या पिनिअलला काहीही दिसत नाही. तिला उजेडाची खबर डोळ्यांकडूनच मिळते.)

डोळ्याच्या दृष्टिपटलात दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात असं आपण शाळेत शिकलो: अंधूक उजेडासाठी दंडाकार, रंगांसाठी शंक्वाकार. शंभरेक वर्षं सगळे हेच मानत होते. पण काही पूर्ण अंध माणसांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला की त्यांचंही मेलाटोनिन खाली येतं, हे १९९५ मध्ये दिसून आलं. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण उजेड झाल्याचं शरीराला कळत होतं. म्हणजे डोळ्यात आणखी कुणीतरी होतं.

ते सापडलं पुन्हा बेडकाच्या कातडीत. आफ्रिकी बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशी बशीत काढून ठेवल्या तरी उजेडाला प्रतिसाद देतात. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांचे सहकारी त्यामागचं प्रथिन शोधत होते. १९९८ मध्ये ते मिळालं आणि त्याला मेलानॉप्सिन नाव दिलं. दोन वर्षांत तेच प्रथिन माणसाच्या दृष्टिपटलातही सापडलं, पण प्रकाशग्राही पेशींच्या थरात नाही, तर डोळ्यातून मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गुच्छिका पेशींमध्ये. या पेशी नुसत्या टपाल्या आहेत असं समजलं जायचं. २००२ साली डेव्हिड बर्सन यांनी उंदराच्या दृष्टिपटलात या पेशींकडे येणारे इतर सगळे निरोप बंद केले आणि उजेड टाकला. त्या पेशींनी स्वतःच निरोप पाठवला. माणसाच्या डोळ्यातल्या साधारण दहा लाख गुच्छिका पेशींपैकी अशा जेमतेम काही हजार आहेत. अंगाईच्या वेळचा सगळा खेळ या मूठभर पेशींच्या हातात आहे.

त्यांचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. एक, त्यांना सगळ्यात जास्त भावतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. दोन, त्या संथ आहेत. उजेड पडल्यावर जाग्या व्हायला त्यांना वेळ लागतो, आणि दिवा विझल्यावरही त्या बराच वेळ 'उजेड आहे, उजेड आहे' असं कळवत राहतात.

हा निरोप जातो मेंदूतल्या मुख्य घड्याळाकडे. ते डोळ्यांच्या मागे, वीसेक हजार चेतापेशींचं आहे. तिथून वाट सरळ पिनिअलकडे जात नाही. ती आधी खाली उतरते, पाठीच्या कण्यात छातीपर्यंत जाते, परत वर मानेतल्या चेतागुच्छात येते आणि तिथून पिनिअलला पोचते. रात्री या वाटेच्या टोकाला नॉरॲड्रेनॅलिन हे चेतातंतूंचं निरोप्या रसायन झिरपतं. त्यामुळे पिनिअलच्या पेशीत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो आणि एएएनएटी नावाच्या विकराला (एन्झाइमला) फॉस्फेटची खूण लागते, जणू तीटच. ही तीट लागली की १४-३-३ नावाचं प्रथिन त्या विकराला कवेत घेतं आणि तो तुटण्यापासून वाचतो. वाचलेला विकर सेरोटोनिनचं रूपांतर करत राहतो आणि पुढच्या एका पायरीत मेलाटोनिन होतं. उजेड पडला की नॉरॲड्रेनॅलिन थांबतं, तीट पुसली जाते, कवेतून सुटलेला विकर पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेत जातो आणि काही मिनिटांत त्याचा भुगा होतो. म्हणजे दिवा लावल्यावर मेलाटोनिनचा कारखाना नुसता बंद पडत नाही, त्यातलं यंत्रच मोडून टाकलं जातं. दिवा परत विझवल्यावर ते यंत्र पुन्हा उभारायला वेळ लागणारच. आमचा पाऊण तास यातूनच आला असणार.

मोठ्यांना हे इतकं जाणवत नाही. मुलांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या असतात आणि डोळ्यातलं भिंग नितळ असतं. वयाबरोबर भिंग पिवळसर होत जातं आणि निळा प्रकाश अडवायला लागतं. २०१८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या दहा मुलांच्या घरात जाऊन खिडक्या झाकल्या, घराची गुहा केली आणि झोपेच्या आधी एक तास त्यांना १००० लक्सच्या उजळ टेबलावर खेळू दिलं. मेलाटोनिन सुमारे ८८ टक्के खाली आलं. दिवा बंद करून ५० मिनिटं झाली तरी बहुतेक मुलांचं मेलाटोनिन अंधारातल्या पातळीच्या निम्म्यावरही आलेलं नव्हतं. त्याच गटाने २०२२ मध्ये वेगवेगळ्या तीव्रतेचा प्रकाश वापरून पाहिला. अगदी ५ ते ४० लक्समध्येसुद्धा सरासरी ७८ टक्के घट झाली. अंथरुणात डोळ्यांजवळ धरलेला मोबाइल सहज या टप्प्यात येतो. त्यामुळे मोबाइलवर लावलेली गोष्ट आणि अंधारात आजीने सांगितलेली गोष्ट, शब्द तेच असले तरी, मुलाच्या शरीरासाठी दोन वेगळ्या वस्तू आहेत.

गमीजबद्दल मला राग आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये मेलाटोनिनच्या २५ गमीज तपासल्या, त्यातल्या २२ वर छापलेलं प्रमाण चुकीचं होतं. एकीत मेलाटोनिन नव्हतंच, बाकीच्यांत छापलेल्याच्या ७४ पासून ३४७ टक्क्यांपर्यंत. हे संप्रेरक आहे, गोळ्या-बिस्किटं नव्हेत. एखाद्या मुलाला खरोखर गरज असेल तर ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. बाकीच्यांनी ट्यूबलाइटचं बटण दाबावं, त्याला पैसे पडत नाहीत.

मग सणवार करायचे नाहीत का? जरूर करायचे. टेंभी नाक्याच्या देवीला रात्री गेल्याशिवाय आमचं नवरात्र होत नाही. एक-दोन रात्री उशीर झाला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते नऊ रात्री ओळीने. मेंदूचं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा थोडं लांब चालतं, १९९९ च्या मोजणीत सरासरी २४ तास ११ मिनिटं. रात्रीच्या उजेडाने ते आणखी मागे पडतं आणि सकाळच्या उजेडाने पुढे येतं. म्हणून दिवाळी मला या बाबतीत फार शहाणा सण वाटतो. पहाटे उठायचं, अभ्यंगस्नान, आणि उजाडत असताना राम मारुती रोडला नाहीतर तलावपाळीला. नवरात्रात सरकलेलं घड्याळ जागेवर आणायला सकाळच्या उघड्या आभाळाइतकं दुसरं काही नाही. पणतीची ज्योत मंद आणि तांबूस-पिवळी, तिच्यात निळा प्रकाश अगदी थोडा. मुलांनी किल्ल्यावर पणत्या लावून तासभर बसावं, काही हरकत नाही. अडचण आहे ती गॅलरीतल्या पांढऱ्याशुभ्र एलईडी माळांची, ज्या मुलाच्या खिडकीसमोर रात्रभर लुकलुकतात. आम्ही यंदा कंदिलात पिवळा दिवा लावला आणि लेकीच्या खोलीतला निळा झिरो बल्ब काढून टाकला.

घरात आता आठ वाजले की हॉलची ट्यूब बंद होते, स्वयंपाकघरात ओट्यावरचा एक पिवळा दिवा राहतो. दात घासणं, कपडे बदलणं त्याच उजेडात. साडेआठला तोही बंद आणि गोष्ट सुरू.

गोष्ट तीच लागते, चिमणी-कावळ्याची. या निमित्ताने तिच्याकडे मी पहिल्यांदाच नीट लक्ष दिलं. पावसात घर वाहून गेलेला कावळा दार ठोठावतो आणि चिमणी दर वेळी थांब म्हणते: बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, कपडे घालते, तीट लावते, झोपवते. २००९ मध्ये ४०५ आयांना घेऊन झालेल्या एका अभ्यासात, रोज त्याच क्रमाने अंघोळ, मालिश आणि शांत वेळ दिल्यावर मुलं लवकर झोपायला लागली आणि रात्री कमी वेळा उठली. तोच क्रम या गोष्टीत आहे, एका लयीत, आणि ऐकणाऱ्या मुलाला पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असतं.

"आजी, आता काय करते चिमणी?"

"आता कपडे घालते गं बाळाला."

परवा तीट लावायच्या आतच लेक झोपली होती. सासूबाईंनी तरीही गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, हळू आवाजात, दार उघडेपर्यंत.