स्पिटफायरची डिस्क हेरल्डला का बसते

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका शेडमध्ये सध्या एक जुनी स्टँडर्ड हेरल्ड ठोकळ्यांवर उभी आहे. पुढची चाकं निघालेली, ब्रेकचे ड्रम एका तरटावर पडलेले, आणि बाजूच्या खोक्यांत ट्रायम्फ स्पिटफायरच्या ब्रेकच्या डिस्क, त्यांना चिमटणारे कॅलिपर आणि चाकाचे हब. बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, की विलायती दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा पार्ट मद्रासच्या घरगुती गाडीला बसतो कसा? तो बसतो, कारण मुळात तो हिच्याच घरचा आहे. स्पिटफायरने तो हेरल्डकडून घेतला.

गोष्ट सुरू होते कॉव्हेंट्रीत, आणि तीही अडचणीतून. स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला गाड्यांच्या बॉड्या करून देणारी फिशर अँड लडलो ही कंपनी १९५३ मध्ये बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली. सगळे मोनोकॉककडे, म्हणजे चासी आणि बॉडी एकच असलेल्या रचनेकडे, वळत असताना ट्रायम्फला नव्या छोट्या गाडीची अखंड बॉडी दाबून द्यायला कुणी उरलं नाही. मग इंजिनिअर हॅरी वेबस्टर यांनी जुनाच मार्ग धरला. खाली वेगळी चासी, आणि वर ठिकठिकाणी बनवून आणलेले पत्रे बोल्टने जोडायचे. रूप दिलं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये ९४८ सीसीची हेरल्ड बाजारात आली. बॉनेट मडगार्डसकट पुढे उलटतं आणि पुढची दोन्ही चाकं, आर्म, स्प्रिंग सगळं उघडं पडतं. मिस्त्री लोकांचं हेरल्डवर प्रेम असतं ते यामुळेच. वळायला हिला जेमतेम २५ फूट लागत. नव्या पेठेच्या गल्लीतही ती एका दमात फिरायची.

चासी वेगळी असल्याचा खरा फायदा नंतर कळला. तीच चासी साडेआठ इंचांनी आखूड केली, वर दोन सीटची बॉडी ठेवली, की १९६२ ची स्पिटफायर. सहा सिलिंडरचं इंजिन घातलं की त्याच वर्षीची व्हिटेस. पुढे १९६६ मध्ये स्पिटफायरवर छप्पर चढवून दोन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन घातलं, ती जीटी६. पुढच्या सस्पेन्शनची मांडणी चारही गाड्यांत एकच: वर-खाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि चाक धरणारी उभी लिंक. ही लिंक एवढी स्वस्त आणि हलकी, की लोटसच्या कॉलिन चॅपमन यांनी ती सरळ उचलली. लोटस एलानच्या पुढच्या चाकामागे हेरल्डचीच लिंक आहे. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर आणि वकील जी गाडी चालवत होते, तिच्या पुढच्या पायांवर तिकडे लोक शर्यती जिंकत होते.

इकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ मध्ये हेरल्ड बनवायला घेतली. इंग्लंडात स्टँडर्ड हे नाव १९६३ मध्ये गाड्यांवरून उतरलं. मद्रासेत ते १९८० च्या दशकापर्यंत टिकलं. हेरल्ड १९७१ पर्यंत चालली, तिला चार दारंही इथेच आली. मग तिच्या जागी याच कंपनीची गॅझेल आली आणि १९७७ मध्ये तीही थांबली. डिस्क मात्र इथल्या हेरल्डला मिळाली नाही, चारही चाकांना ड्रमच. गंमत अशी, की याच ट्रायम्फने १९५६ मध्ये टीआर३ या आपल्या स्पोर्ट्स कारला पुढे डिस्क दिल्या होत्या, आणि ब्रिटनमध्ये मालिकेत बनणाऱ्या गाडीला त्या पहिल्यांदाच मिळत होत्या. डिस्कची कल्पना त्याहून जुनी, फ्रेडरिक लँचेस्टर यांच्या १९०२ च्या पेटंटची. पण तिची वट वाढली ती १९५३ मध्ये, डिस्क लावलेल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची शर्यत मारल्यावर. कारण साधं आहे. ड्रम तापला की फुगतो आणि त्याला आतून दाबणाऱ्या शूपासून लांब जातो, मग पेडल खोल जातं. डिस्क उघड्या वाऱ्यात फिरते, आणि तापून फुगली तरी तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडकडेच सरकते. मे महिन्यात तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे येताना ज्याचं पेडल एकदा खाली गेलंय, त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही.

आता लिंकबद्दल, कारण सगळी मेख तिथे आहे. हिचं वरचं टोक बॉल जॉइंटमध्ये बसतं, पण खालच्या टोकाला आटे पाडलेले असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी जोडात फिरतं. स्टिअरिंग वळवलं की लिंक त्या पितळेत स्क्रूसारखी किंचित वर-खाली होते. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे उलट, म्हणून ट्रनियनची अदलाबदल चालत नाही. त्यात ९० नंबरचं गिअर ऑइल सोडायचं असतं, ग्रीस नव्हे. ग्रीस घट्ट, ते आट्यांच्या तळापर्यंत जात नाही. मग पाणी शिरतं, पोलाद गंजतं आणि लिंक आट्यांपाशीच तुटते. निपल दिसलं की ग्रीस गन लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड. माझ्या वडिलांच्या हेरल्डला एका गॅरेजात वर्षानुवर्षं असंच ग्रीस मारलं गेलं. सात रस्त्याला वळताना डावं चाक आडवं झोपलं आणि गाडीने बैठक मारली. वेग नव्हता म्हणून निभावलं. शेडमधले मिस्त्री ही गोष्ट ऐकून एवढंच म्हणाले, “मालक, डिस्क नंतर बघू, आधी खालचं पितळ बघू.” बरोबर आहे. ब्रेक जितका जोरदार, तितका त्या आट्यांवर ताण जास्त.

डिस्क बदलणं म्हणजे नुसती डिस्क बदलणं नसतं. हब बदलतो, कॅलिपर धरायला ब्रॅकेट लागतं, आणि मग मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या सिलिंडरचा, प्रश्न येतो. ड्रममधला एक शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप घट्ट होतो. डिस्कला ती मदत नाही, तिला सगळा दाब पायातूनच हवा. सिलिंडरचा बोअर लहान घेतला तर दाब वाढतो पण पेडल लांब जातं, मोठा घेतला तर पेडल दगडासारखं लागतं. शिवाय ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो पॅड डिस्कला चिकटवून ठेवतो आणि चाक तापतं. तो काढावाच लागतो. बरेच जण हे विसरतात, आणि मग दोष डिस्कला देतात.

हौशी लोक याच्या पुढे जाऊन जीटी६ चा संच लावतात. स्पिटफायरची डिस्क ९ इंची, जीटी६ ची ९.७. पण सहा सिलिंडरचं वजन पेलायला तिचा स्टब ॲक्सल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आस, हाही जाड असतो, म्हणून लिंक, हब, बेअरिंग, कॅलिपर सगळं एकत्रच घ्यावं लागतं. एक पार्ट इकडचा, एक तिकडचा असं जमत नाही. माझ्या मते ९४८ सीसीच्या गाडीला ते जास्तच होतं. हेरल्डचा मागचा स्विंग ॲक्सल, म्हणजे प्रत्येक चाकासोबत वर-खाली झुलणारा आस, जुन्या पद्धतीचा आहे. वळणावर पुढून जोरात ब्रेक लागला की मागचा भाग उचलतो, मागची चाकं आत वाकतात आणि गाडी पार्श्वभाग फिरवते. ब्रेक मागच्या चाकांना झेपेल इतकाच बरा.

राहता राहिला कागद. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार झालेला नको. या यादीत ब्रेक नाहीत. तरी काढलेले ड्रम, शू आणि पाइप तेल लावून गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवले आहेत. भंगारवाला दोनदा विचारून गेला.

सध्या काम उजव्या बाजूवर अडलं आहे. खोक्यातून दोन्ही ट्रनियन डाव्याच निघाल्या.