टायबी बाँब

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर, सॅव्हाना शहराजवळील टायबी बेटालगत ५ फेब्रुवारी १९५८ रोजी बी–४७ बाँबफेकी विमानातून समुद्रात टाकून दिलेला व अद्याप न सापडलेला ‘मार्क १५’ जातीचा हायड्रोजन बाँब. अण्वस्त्रांच्या अशा अपघातांना अमेरिकी लष्करी परिभाषेत ‘ब्रोकन ॲरो’ म्हणतात. संरक्षण खात्याने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत १९५० ते १९८० या काळातील असे ३२ प्रसंग आहेत.

सरावासाठी निघालेल्या या विमानाला मध्यरात्रीनंतर एका एफ–८६ लढाऊ विमानाची धडक बसली. लढाऊ विमानाचा वैमानिक हवाई छत्रीने उतरून वाचला. बी–४७ चे एक इंजिन पंखाखाली लोंबकळू लागले होते. हंटर हवाई तळावरील धावपट्टीचे काम चालू असल्याने विमान धावपट्टीच्या अलीकडेच उतरले, तर सु. ३,४०० किग्रॅ. वजनाचा बाँब सुटून पुढच्या बाजूला घुसेल, अशी भीती वैमानिक मेजर हॉवर्ड रिचर्डसन यांना वाटली. परवानगी घेऊन त्यांनी तो सु. ७,२०० फुटांवरून वॉसॉ साउंड या उथळ पाण्यात सोडला. स्फोट झाला नाही. विमान सुखरूप उतरले.

मुख्य वाद बाँबच्या गाभ्याचा आहे. त्या पिढीतील काही अण्वस्त्रांत विखंडनशील (अणुकेंद्रे फुटून ऊर्जा देणाऱ्या) द्रव्याची कुपी (कॅप्सूल) वेगळी ठेवून गरजेच्या वेळी आत बसवीत. कुपी नसेल तर रासायनिक स्फोटके उडाली तरी अणुस्फोट होत नाही, मात्र ती स्फोटके (सु. १८० किग्रॅ.) व बाँबमधील युरेनियम राहतेच. हवाई दलाच्या म्हणण्यानुसार टायबी बाँबमध्ये कुपी नव्हती. उड्डाणापूर्वी रिचर्डसन यांनी सही केलेल्या ताबापावतीवर अनुक्रमांक ४७७८२ असून त्यासोबत ‘सिम्युलेटेड’, म्हणजे नकली, असा शेरा आहे. खऱ्या कुपीच्या जागी शिशाचा नकली भाग होता, असा त्याचा अर्थ लावतात. याउलट, संरक्षणमंत्र्यांचे अणुऊर्जाविषयक साहाय्यक डब्ल्यू. जे. हॉवर्ड यांनी १९६६ मध्ये अमेरिकी संसदेच्या (काँग्रेस) समितीला लिहिलेल्या पत्रात हा बाँब ‘पूर्ण शस्त्र’ असल्याचे म्हटले होते. हा कागद १९९४ मध्ये खुला झाल्यावर वादाला तोंड फुटले. आपल्याकडून चूक झाली, असे हॉवर्ड यांनी पुढे सांगितले. पावती घटनेच्या आधीची व ताब्यासाठीच केलेली, तर पत्र आठ वर्षांनंतर संकलित केलेले. म्हणून पावतीला अधिक वजन द्यावे, असे प्रस्तुत नोंदलेखकाचे मत आहे. तरीही बाँब हाती लागेपर्यंत हा निष्कर्ष कागदोपत्रीच राहतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांची काळजी त्यामुळे निराधार ठरत नाही.

शोधमोहीम १६ एप्रिल १९५८ रोजी थांबविण्यात आली. २००१ च्या हवाई दलाच्या अहवालात बाँब ५ ते १५ फूट गाळाखाली असावा असा अंदाज असून, तो हलविण्यापेक्षा जागीच ठेवणे सुरक्षित मानले आहे. निवृत्त वैमानिक डेरेक ड्यूक यांनी २००४ मध्ये तेथे वाढीव किरणोत्सर्ग आढळल्याचा दावा केला. २००५ च्या अहवालाने तो वाळूतील मोनाझाइट या नैसर्गिक खनिजामुळे असल्याचे म्हटले. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूही याच खनिजामुळे किरणोत्सर्गी आहे, हे पाहता हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे.

ग्रीनलंडमधील थूल येथील अमेरिकी बी–५२ बाँबफेकी विमानाच्या अपघाताविषयी (२१ जानेवारी १९६८) असाच वाद आहे. चारपैकी एक बाँब बर्फाखाली राहिला, असे वृत्त बीबीसीने २००८ मध्ये दिले. डेन्मार्कच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संस्थेच्या २००९ च्या अहवालाने ते नाकारले. पाण्याखालील शोध अखंड बाँबचा नसून एका बाँबच्या युरेनियमयुक्त भागाचा होता, असे त्यात म्हटले आहे. ‘टायकॉन्डेरोगा’ या विमानवाहू जहाजावरून ५ डिसेंबर १९६५ रोजी बाँब व वैमानिकासह समुद्रात पडलेल्या ए–४ विमानाबाबत वाद स्थळाचा होता: १९८१ च्या यादीत जमिनीपासून ५०० मैलांहून अधिक अंतर दिले होते, जपानच्या र्‍युक्यू बेटांपासून ते सु. ८० मैलच असल्याचे १९८९ मध्ये उघड झाले.