चार खेपांचं गणित

सप्टेंबर लागला की अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात धनुष्यबाण घेऊन एल्कच्या शिकारीला निघालेले लोक रॉकी पर्वतात शिरतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा तिकडचा थोराड भाऊबंद. शॉनी लोकांच्या भाषेत त्याला वापिती म्हणतात, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभागाचा. पूर्ण वाढलेला नर 300 किलोंच्या घरात जातो. बरेच शिकारी एकटेच असतात आणि गाडी चार-पाच किलोमीटर मागे राहिलेली असते. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिथे परवाना काढून शिकार करता येते, पण खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. मला तो नियम मनापासून पटतो. जीव घेतलाच आहे, तर त्याचा घास वाया जाता कामा नये. पण एकट्यानं तो बाहेर आणायचा कसा?

वजनाच्या आधी गाठ पडते ती उष्णतेशी. जिवंतपणी एल्कच्या शरीराचं तापमान 38-39 अंश सेल्सिअस असतं आणि मेल्यावरही स्नायूंतल्या रासायनिक क्रिया काही काळ उष्णता देत राहतात. आकार सर्व बाजूंनी दुप्पट झाला की पृष्ठभाग चौपट होतो, पण आकारमान आठपट. म्हणून वाटीतली आमटी पटकन निवते आणि पातेल्यातली तासाभरानंही चटका देते. एल्कचं दाट केसाळ कातडं म्हणजे त्या पातेल्यावर टाकलेली गोधडी. कातडं तसंच राहिलं, तर थंड रात्रीनंतरही मांडीच्या खुब्यात हाताला ऊब लागते. मांस नासायला लागतं तेही तिथूनच, हाडालगत. वरून काही कळत नाही, सुरी हाडापर्यंत गेली की वास येतो.

म्हणून आधी कातडं उतरवायचं. पोट न फाडता एक कूस सोलायची, फरा आणि मांडी सांध्यातून सोडवायची, मग जनावर उलटवून दुसरी कूस. ढाळावर एवढं धूड एकट्याला आवरत नाही, म्हणून पाय दोरीनं झाडाला ताणून बांधतात. सुटे भाग कापडी पिशव्यांत घालून सावलीत, वाऱ्यावर टांगतात. प्लॅस्टिकची पिशवी इथे घात करते, कारण ऊब आणि ओल दोन्ही आत कोंडतात. कापडातून ओल उडून जाते आणि माठातल्या पाण्यासारखं मांस गार होतं. वर कोरडी खपली धरते, तिच्यावर जिवाणू सहजी वाढत नाहीत आणि माश्यांना अंडी घालायला ओलसर जागा उरत नाही. रात्रीत आतपर्यंत निवलेली 25 किलोंची मांडी दुसऱ्या दिवशी सावलीत बराच वेळ गार राहते. काल आड आलेला तिचा मोठा आकार आज कामी येतो.

बाणाच्या नेमाचाही इथे संबंध आहे. मेल्यानंतर स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, लॅक्टिक आम्लात बदलतं, सामू (pH) 7 च्या आसपासहून 5.5 च्या जवळ उतरतो आणि त्या आम्लतेनं जिवाणूंना आळा बसतो. जखमी होऊन लांबवर धावलेल्या जनावराचं ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. त्याचं मांस काळपट राहतं आणि लवकर नासतं.

आता ओझं. हाडं काढून साधारण 100 किलो मांस धरू. 33-33 किलोंच्या तीन खेपा, चौथी शिंगांची आणि तंबूची. गाडी 4 किलोमीटरवर असेल तर चार वेळा भरल्या पाठीनं जायचं, तीन वेळा रिकामं परतायचं. झाले 28 किलोमीटर. सह्याद्रीत 12-15 किलोंची सॅक घेऊन गड चढलेल्यांना 33 किलो म्हणजे काय ते सांगायला नको.

मग जास्त भरून खेपा कमी का करू नयेत? पँडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी 1977 साली अमेरिकी लष्करासाठी ओझं वाहण्याच्या ऊर्जाखर्चाचं सूत्र मांडलं. ओझं दुप्पट केलं की त्यातला एक भाग चौपटीहून जास्त वाढतो. त्यात जमिनीलाही गुणांक आहे: डांबरी रस्त्याला 1, दाट झुडपांना 1.5. त्यामुळे जवळच्या गचपणापेक्षा लांबची पायवाट पुष्कळदा स्वस्त पडते. उतारावर दम लागत नाही, पण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. दुसऱ्या दिवशी पाय थरथरतात ते त्यामुळे.

एवढी सॅक हिसका देऊन खांद्यावर घ्यायची नसते. ती ढाळावर उभी करून तिला पाठ टेकून बसायचं, पट्टे आवळायचे, कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं आणि काठ्या रोवून उठायचं. कंबरपट्टा नितंबाच्या हाडांवर नीट बसला की खांदे मोकळे होतात.

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपास ग्रिझली अस्वलं आहेत. तिथे मांस आतड्यांपासून शंभरेक मीटर दूर, लांबून दिसेल असं टांगतात. पुढच्या खेपेला येताना पिशव्यांपाशी कोणी आहे का, हे आधी दुर्बिणीतून बघता येतं. अलास्कात तर मांस निघण्याआधी शिंगं हलवायला कायद्यानंच मनाई आहे, ती शेवटच्या खेपेला.

हा सगळा हिशेब बाण सोडण्याआधी करायचा असतो. दुपारचं ऊन 25 अंशांचं, गाडी 8 किलोमीटरवर, मध्ये एक खिंड. चार खेपा म्हणजे 56 किलोमीटर. अशा वेळी समोर आलेला नर तसाच जाऊ द्यायचा.