तिसरा रकाना काढायचा कसा: कट आणि ऑक यांची पार्श्वभूमी

मजकुराच्या फाइलमधला तिसरा रकाना हवा असेल तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कमांड लाइनवर दोन कमांड लगेच आठवतात, कट आणि ऑक. दोन्ही काही दिवस वापरल्या की लक्षात येतं, रकाना म्हणजे काय याबद्दलच त्यांचं एकमत नाही. त्या ज्या तऱ्हेच्या फाइलींसाठी घडल्या, त्यांचा हा वारसा आहे.

मागे जायचं तर भोकं पाडून माहिती नोंदवायच्या पंच कार्डापर्यंत जावं लागतं. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांवर अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजदाद झाली, आणि १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं. एका रकान्यात एक अक्षर. नाव कुठे संपतं आणि रक्कम कुठे सुरू होते हे दाखवायला कार्डावर कसलंच चिन्ह लागत नसे. रक्कम २१ ते ३० मध्ये आहे, एवढं ठरलेलं असलं की झालं. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेने हीच शिस्त आपल्यात आणली. १ ते ५ मध्ये विधानाचा क्रमांक, ६ मध्ये मागची ओळ पुढे चालू असल्याची खूण, ७ ते ७२ मध्ये खुद्द विधान. ७३ ते ८० कडे कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, बघतच नसे. तिथे कार्डांचे अनुक्रमांक घालत. गठ्ठा हातातून निसटून विस्कटला, तर सॉर्टर यंत्र तेवढेच रकाने वाचून तो पुन्हा ओळीने लावून देई. कटला आज ‘अमुक ते तमुक अक्षरं दे’ असं सांगता येतं, ते याच विचाराला धरून.

युनिक्सने ही मोजपट्टी बाजूला ठेवली. ओळ हवी तेवढी लांब असू दे, शेवटी नव्या ओळीचं चिन्ह असू दे, आणि मधली फील्डं, म्हणजे माहितीचे तुकडे, एखाद्या साध्या चिन्हाने वेगळी करा. याचं सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे वापरकर्त्यांची यादी ठेवणारी पासवर्ड फाइल. तिच्या प्रत्येक ओळीत कोलनने वेगळी केलेली सात फील्डं असतात. त्यांतलं पाचवं मला फार महत्त्वाचं वाटतं. युनिक्स जिथे घडलं त्या बेल लॅब्समधले लोक युनिक्सवरून छपाईसारखी कामं जीकॉस प्रणालीच्या दुसऱ्या मशीनकडे पाठवत, आणि तिथे लागणारी ओळख या फील्डात ठेवत. ते मशीन केव्हाच गेलं. फील्डाला आजही त्याच प्रणालीच्या नावाने ओळखतात, फक्त आत आता बहुधा माणसाचं पूर्ण नाव असतं. ते काढून टाकणंही सोपं नाही. पाचवं गेलं की सहावं पाचव्या जागी सरकेल, आणि सहावं फील्ड मागणारी प्रत्येक स्क्रिप्ट चुकीचं उत्तर देऊ लागेल, तेही कसलीच तक्रार न करता.

१९७३ मध्ये पाइप आले. त्यामागे बेल लॅब्समधल्याच डग मॅकिलरॉय यांचा अनेक वर्षांचा आग्रह होता. एका कमांडचं आउटपुट आता थेट दुसरीच्या हाती जाऊ लागलं, आणि इथेच खरी अडचण उभी राहते. ते आउटपुट माणसाने वाचावं म्हणून मांडलेलं असतं. फाइलींची सविस्तर यादी घ्या. आकाराचे आकडे उजवीकडे एका रेषेत यावेत म्हणून लहान आकड्याआधी जास्त जागा सोडलेली असते. कटला ‘स्पेस हा विभाजक’ असं सांगितलं, तर प्रत्येक स्पेसपाशी ते नवं फील्ड धरतं. मग मोठ्या फाइलीचा आकार पाचव्या फील्डात सापडतो आणि छोटीचा आठव्यात.

हे ऑकला जमतं. आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निगन यांनी १९७७ मध्ये बेल लॅब्समध्ये ते लिहिलं, आणि १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ते बाहेर गेलं. वेगळं काही सांगितलं नाही तर ऑक लागोपाठच्या सगळ्या स्पेस आणि टॅब मिळून एकच विभाजक मानतं, आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा सोडून देतं. डोळाही ओळ अशीच वाचतो. शिवाय तिसरं फील्ड आधी आणि पहिलं नंतर छापता येतं. कटला तीन-एक असा क्रम दिला तरी ते एक-तीन असंच देतं.

आधी साधं कट आलं असेल आणि ते अपुरं पडलं म्हणून ऑक, असं पुष्कळांना वाटतं. पण कट सर्वदूर पोचलं ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, सिस्टीम थ्री या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर. म्हणून त्याला अपुरं ऑक समजणं मला पटत नाही. टॅबने नीट वेगळ्या केलेल्या फाइलीवर ते आजही अगदी चोख काम करतं.

मोजणीतही एकवाक्यता नव्हती. कट आणि ऑक १ पासून मोजतात. ओळी क्रमाने लावणारं जुनं सॉर्ट मात्र किती फील्डं ओलांडायची ते विचारी, म्हणजे मोजणी ० पासून. पुढे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकात १ पासून मोजणारी पद्धत आली. जुन्या स्क्रिप्ट वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

स्वल्पविरामाने फील्डं वेगळी करणाऱ्या, म्हणजे सीएसव्ही, फाइलींनी दोघांनाही सारखंच छळलं. अवतरणचिन्हांच्या आतला स्वल्पविराम विभाजक नसतो, आणि तिथे नवी ओळसुद्धा येऊ शकते; नुसत्या चिन्हावर तोडणाऱ्याला हे दिसत नाही. या फाइलींचा ढाचा कागदावर उतरला तो २००५ मध्ये, आरएफसी ४१८० या दस्तऐवजात. तोवर त्या कित्येक वर्षं वापरात होत्या.

अक्षरांचा प्रश्न आणखी वेगळा. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ग्नू प्रकल्पाने लिहिलेल्या कटमध्ये ‘अक्षर’ म्हणजे बराच काळ बाइटच होतं. त्यामुळे ‘कमल’मधलं पहिलं अक्षर मागितलं की ‘क’ऐवजी त्याचा एक तृतीयांश तुकडा मिळे, आणि पडद्यावर प्रश्नचिन्हासारखं काहीतरी उमटे. कर्निगन यांच्या मूळ ऑकमध्ये यूटीएफ-८ आणि स्वल्पविरामाच्या फाइली या दोन्हींची सोय २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.