गांजाचा कर आणि घरांची भरपाई: एव्हन्स्टनच्या ठरावामागची पार्श्वभूमी

शिकागोला लागूनच उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी एव्हन्स्टन हे शहर आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या नगर परिषदेने एक ठराव केला. गांजाच्या किरकोळ विक्रीवरच्या ३ टक्के करातले पहिले १ कोटी डॉलर कृष्णवर्णीय रहिवाशांच्या भरपाईसाठी राखून ठेवायचे, असं ठरलं. सरकारी तिजोरीतून अशी भरपाई देणारं अमेरिकेतलं हे पहिलं शहर. मात्र भरपाई आहे ती १९१९ ते १९६९ या काळात घरांच्या बाबतीत झालेल्या भेदभावाची. मग पैसा गांजाचा कशाला?

याचं उत्तर शहराच्या पाचव्या वॉर्डात सापडतं. झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधायचं याचे नियम, घरांचे दलाल आणि बँका यांनी मिळून कृष्णवर्णीय कुटुंबांना या भागात कोंडलं. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे काढले, त्यात हा पट्टा लाल रंगवला. लाल म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा. घर घेता येईना, घेतलेलं दुरुस्त करायला पैसा मिळेना आणि पुढच्या पिढीच्या हाती काही पडेना.

पुढे पोलिसी बडगाही याच लोकांवर पडला. १९३७ च्या कायद्याने केंद्राने गांजावर कराचा फास आवळला, १९७० मध्ये तो हेरॉइनच्या पंगतीत नेऊन बसवला आणि १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अमली पदार्थांविरुद्ध आघाडी उघडली. गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात. तरी अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत जवळपास चौपट होती, हे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संस्थेच्या २०१३ च्या अहवालाने देशभरच्या आकड्यांवरून दाखवलं. एव्हन्स्टनमध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती १६-१७ टक्के, पण ठरावाच्या आधीच्या तीन वर्षांत गांजा बाळगल्याबद्दल अटक झालेल्यांत त्यांचा वाटा ७१ टक्के होता. ज्या व्यापारापायी ही पोरं आत गेली, त्याच व्यापारातून आता शहर कमावणार, तर तो पैसा त्यांच्याच वस्तीत जावा, असा पाचव्या वॉर्डच्या नगरसेविका रॉबिन रू सिमन्स यांचा आग्रह होता.

राज्याचा प्रयत्न वेगळा होता. इलिनॉयने २०१९ मध्ये गांजा कायदेशीर करताना जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याची तरतूद केली. विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गव्हर्नर प्रिट्झकर यांनी ११,०१७ जणांना माफी दिली. हे काम चांगलंच झालं. घोडं अडलं ते गांजाविक्रीच्या परवान्यांत, जे या कारवाईची झळ बसलेल्यांना आधी द्यायचे होते. वंशाच्या आधारावर परवाना दिला तर तो कोर्टात टिकणार नाही, म्हणून निकष ठरले ते पत्त्याचे आणि अटकेचे: सर्वाधिक अटका झालेल्या भागात दहापैकी पाच वर्षं राहिलेला, किंवा स्वतः वा घरातलं कोणी पकडलं गेलेला. तिसराही एक रस्ता होता. किमान दहा पूर्णवेळ कर्मचारी ठेवायचे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक या निकषांत बसवायचे. म्हणजे मालक कोणीही असो! सप्टेंबर २०२० मध्ये ७५ परवान्यांच्या सोडतीसाठी ९०० हून अधिक अर्जदारांतून फक्त २१ पात्र ठरले तेव्हा गदारोळ झाला. नवे नियम, खटले आणि स्थगिती यांत दोन वर्षं गेली. म्हाडाच्या सोडतीत नाव लागूनही चावी न मिळालेल्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. नव्या अर्जदारांची पहिली दुकानं नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडली. वैद्यकीय गांजा विकणाऱ्या जुन्या कंपन्या १ जानेवारी २०२० पासूनच गल्ला भरत होत्या.

एव्हन्स्टनने परवान्यांची भानगडच ठेवली नाही. मार्च २०२१ मध्ये प्रत्येकी २५,००० डॉलरची योजना ८ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाली. विरोधाचं ते एकमेव मत सिसिली फ्लेमिंग या कृष्णवर्णीय नगरसेविकेचं होतं. त्यांच्या मते ही भरपाई नव्हेच, तिचं नाव लावलेली गृहयोजना होती. आक्षेप अगदीच गैर नव्हता. रक्कम माणसाच्या हाती येत नसे. घराची सुरुवातीची रक्कम, कर्जफेड किंवा दुरुस्ती यांसाठी ती थेट बँकेला वा कंत्राटदाराला जाई. ज्या बँकांनी आजोबांना दारातून परत पाठवलं, त्यांच्याच खात्यात नातवाची भरपाई! रोख रकमेचा पर्याय २०२३ मध्ये आला.

पहिल्या १६ जणांची निवड जानेवारी २०२२ मध्ये सोडतीने झाली. भेदभावाच्या त्या पन्नास वर्षांत जे प्रौढ वयात शहरात राहत होते, त्यांचा क्रम पहिला, म्हणजे सगळे म्हातारे. आणि कराचा पैसा येत होता ठिबकत, कारण गांजाचं दुकानच सुरुवातीला एक होतं. अखेर २०२२ च्या शेवटी मालमत्ता हस्तांतरणाच्या करातून आणखी १ कोटी डॉलर द्यायचं परिषदेने ठरवलं.

राज्याने वंशाचा उल्लेख टाळला, त्यातून पळवाटा निघाल्या. एव्हन्स्टनने तो सरळ केला, त्यामुळे मे २०२४ मध्ये ज्युडिशियल वॉच या संस्थेने काही वंशजांच्या वतीने शहराला केंद्रीय न्यायालयात खेचलं. त्यांचे पूर्वजही त्या काळात एव्हन्स्टनमध्येच राहत होते, पण ते कृष्णवर्णीय नव्हते.