गोठणाऱ्या मातीतला चुना

स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह. तिथे 79 अंश उत्तरेला न्यू-ऑलेसुंड हे चिमुकलं गाव आहे. 1962 च्या स्फोटानंतर इथली कोळसा खाण बंद पडली आणि गाव संशोधकांचं झालं. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्रही 2008 पासून इथेच आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. बर्फाचं ओझं उतरल्यावर समुद्रातून वर आलेले जुने किनारे गावाभोवती पसरलेले आहेत. त्यावरचे दगड उलटून पाहिले, तर खालच्या अंगाला पांढरट पुटं आढळतात. ती असतात कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुनखडीतल्या चुन्याची.

मातीत चुना साठलेला दिसला की हवामान कोरडं आणि तापलेलं असणार, असं भूशास्त्रात बराच काळ धरलं जाई. दख्खनच्या काळ्या जमिनीतली चुनखडी या हिशेबात बसते. स्वालबार्डमध्ये मात्र जुलैतही सरासरी तापमान जेमतेम 5-6 अंश.

इथे मुख्य काम करतं ते गोठणं. 25 अंशांच्या मानाने 0 अंशाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दुपटीहून जास्त विरघळतो. त्यामुळे उन्हाळ्यात वितळलेलं पाणी किंचित आम्लधर्मी होऊन चुनखडकाचे कण विरघळवत झिरपतं. खाली कायम गोठलेला थर असल्याने ते फार खोल जात नाही. दगडांच्या तळाशी पातळ पापुद्र्यासारखं लटकून राहतं. शरदात गोठू लागलं की बर्फाचे स्फटिक विरघळलेले क्षार आणि वायू आपल्यात घेत नाहीत. उरलेलं पाणी दाट होत जातं, वायू निसटतो आणि कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूप कॅल्शियम कार्बोनेट, दगडाला चिकटतं. वारा आणि बाष्पीभवन यांचाही त्यात वाटा असतोच.

थरावर थर चढत जातात. दगडालगतचा थर सर्वांत जुना, म्हणून रेडिओकार्बनने त्यांचं वय काढता येतं. पुट दगडाच्या वरच्या अंगाला असेल, तर हिवाने माती उचलली जाऊन दगड उलटला, हेही कळतं. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

2008 मध्ये फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळच्या मैदानात उतरलं. तिथल्या मातीत सुमारे 3 ते 5 टक्के कॅल्शियम कार्बोनेट निघालं. त्यामुळे या पुटांचा अभ्यास पृथ्वीपुरता राहिला नाही. पण कार्बोनेट दिसलं म्हणून तिथे पूर्वी ऊब होती, असं म्हणणं घाईचं ठरेल. ते बनायला थंडीतला पाण्याचा पातळ पापुद्राही पुरतो.