वैडूर्य: खाणीचे नव्हे, कारागिरांच्या गावाचे नाव

पाणिनीच्या मते विदूर नावाच्या ठिकाणाहून येते ते वैडूर्य. पतंजलीने महाभाष्यात त्यावर आक्षेप नोंदवला आहे: हे रत्न निघते वालवाय पर्वतात, विदूरला फक्त त्यावर संस्कार होतात. म्हणजे नाव मिळाले ते पैलू पाडणाऱ्यांच्या गावावरून! फिरोजाचेही तसेच. तो इराणचा, पण तुर्कस्तानमार्गे पोहोचला म्हणून युरोपात ‘तुर्की दगड’ ठरला.

आजचे अनेक भाषाभ्यासक वैडूर्याचा प्रवास उलटा मानतात. त्यांच्या मते प्राकृतातला ‘वेळुरिय’ आधीचा आणि त्याचे मूळ बहुधा द्रविड. पुरावाही दक्षिणेकडे बोट दाखवतो. जुन्या काळी वैडूर्य म्हणजे मुख्यतः बेरिल हे रत्नखनिज. तमिळनाडूत पडियूरला बेरिलच्या जुन्या खाणी आहेत, जवळच्या कोडुमणलच्या उत्खननात मणी घडवण्याचे अवशेष मिळाले आणि कोइंबतूरच्या परिसरात रोमन नाण्यांचे साठे सापडले. रत्नाबरोबर शब्दही समुद्रापार गेला. ग्रीकमध्ये तो ‘बेरिलोस’ झाला, लॅटिनमध्ये ‘बेरिलस’. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी बेरिल भारतातून येते असे सांगतोच, शिवाय पाचू आणि बेरिल एकाच जातीचे असल्याचा अंदाजही मांडतो. मध्ययुगात बेरिलसारख्या पारदर्शक स्फटिकांपासून भिंगे बनू लागली, तेव्हा जर्मन भाषेत चष्म्यालाच ‘ब्रिले’ म्हणू लागले.

प्लिनीचा अंदाज तपासला गेला तो 1798 मध्ये. पाचू आणि बेरिल यांच्या स्फटिकांची ठेवण एकसारखी असल्याचे फ्रेंच स्फटिकतज्ज्ञ आऊई यांच्या लक्षात आले होते. रसायनतज्ज्ञ वोक्लँ यांनी दोन्हींचे पृथक्करण केले, तर घटकही तेच निघाले आणि त्यांत एका अज्ञात मूलद्रव्याचे ऑक्साइड सापडले. त्याचे क्षार गोड लागत, म्हणून आधी ग्रीकमधल्या ‘गोड’ या अर्थाच्या शब्दावरून नाव सुचवले गेले. (ही संयुगे विषारी असतात. चव घेऊन पदार्थ ओळखायची तेव्हाची पद्धत फार धाडसाची होती.) अखेर टिकले ते ‘बेरिलियम’. 1828 मध्ये व्होलर आणि ब्यूसी यांनी स्वतंत्रपणे तो धातू वेगळा केला.

बेरिल म्हणजे बेरिलियम आणि ॲल्युमिनियम यांचे सिलिकेट, म्हणजे सिलिकॉन असलेले संयुग. शुद्ध असेल तर ते रंगहीन असते. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियमचा अंश आला की हिरवा पाचू होतो, लोहामुळे निळसर ॲक्वामरीन.

खरा गोंधळ आपल्याकडेच आहे. आज मराठीत वैडूर्य म्हणजे लसण्या, आणि उत्तम लसण्या बेरिल नसतो. तो क्रायसोबेरिल असतो. या ग्रीक नावाचा अर्थ ‘सोनेरी बेरिल’ असला तरी खनिज वेगळे. त्यातही बेरिलियम आहे, पण सिलिकॉन नाही. आत समांतर पसरलेल्या अतिसूक्ष्म सुयांवरून प्रकाश परततो आणि दगडावर मांजराच्या डोळ्यासारखी रेघ हलताना दिसते. दोन्हींमधला फरक घनतेवरून कळतो: पाण्याच्या तुलनेत बेरिलची सुमारे 2.7 पट, क्रायसोबेरिलची सुमारे 3.7 पट.